ज्वारीत उभं राहिलेलं गाव

परवा आमच्या जुन्या कृषी महाविद्यालयातून वैशालीचा फोन आला. माझीच विद्यार्थिनी. आता तिकडे मृदाशास्त्र शिकवते, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर माझंच दुकान चालवते. म्हणाली, "मॅडम, फार्मचे ड्रोननं फोटो काढलेत. तुमच्या जुन्या ब्लॉकात ज्वारी अशी कशी आलीय बघा. पोरांनी खत नीट टाकलेलं दिसत नाही." मागोमाग मोबाइलवर फोटो आला. मी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. चहा निवून गेला तरी मोबाइल उचलायचं काही धाडस झालं नाही.

खत नीट टाकलं नाही म्हणे! शेतात काही वाकडं दिसलं की पोरांच्या नावावर खपवायचं, ही आमच्या कॉलेजची रीत फार जुनी. मीसुद्धा एके काळी तेच म्हणाले होते.

डिसेंबर सरत आला की आमच्या परभणीकडे रब्बीची ज्वारी निसवते. पोटरी फुटून कणीस वर येतं, सकाळी पानांच्या बेचक्यांत दव साठलेलं असतं, आणि शेतातून चालणारा माणूस कमरेपर्यंत भिजून बाहेर येतो. त्या दिवसांत ज्वारीला एक वास असतो, कच्च्या दुधासारखा, थोडा हिरवा. आता मी परभणी शहरात दुसऱ्या मजल्यावर राहते, खाली स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे, तरी डिसेंबरात कधीतरी पहाटे तो वास येतोच. कुठून येतो ते मी शोधायला जात नाही. काही गोष्टी न शोधलेल्याच बऱ्या, हे मला त्या एका हिवाळ्यानं शिकवलं आणि मी ते नीट शिकलेसुद्धा नाही.

कॉलेज सोनपेठच्या अलीकडे, गंगेपासून फार लांब नाही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जमीन मूळची निजामाच्या वेळच्या एका जहागीरदाराची. त्याचा दगडी बंगला म्हणजे प्राचार्यांचं ऑफिस झालं, घोड्यांच्या तबेल्यात वर्ग भरू लागले. मी शिकवायला लागले तेव्हाही भिंतीत लोखंडी कड्या होत्या, आणि मागच्या बाकावरची पोरं आपल्या सायकलींच्या साखळ्या त्यांना अडकवायची. पावसाळ्यात त्या वर्गाला घोड्यांचा वास यायचा. कुणी हसायचं नाही, सवय झाली होती. आमराई होती, मोठी विहीर होती आणि उतारावरचा एक पट्टा होता, त्याला सगळे बेचिराग म्हणायचे. चिराग न लागणारं, म्हणजे वस्ती उठलेलं गाव. पण गावाचा तिथं मागमूस नव्हता. दगड नाही, ढिगारा नाही. जहागीरदाराच्या माणसांनी बैलांच्या फळ्या लावून सगळं सपाट केलं होतं. पुढं कॉलेज आलं, त्यानं पट्ट्याला ब्लॉक म्हटलं, नंबर दिला आणि कामाला लागलं.

तो ब्लॉक कुणाला यश देईना. आमच्या आधीच्या एका प्राध्यापकांनी तिथं ज्वारीच्या वाणांची तुलना केली, त्यात एक वाण असा काही वर आला की सगळ्यांना वाटलं, आता मराठवाड्याचं भलं झालं. दुसरीकडे पेरला तर साहेब मान टाकून उभे. पुन्हा ह्या ब्लॉकात पेरला, पुन्हा पिकला. माती सारखीच दिसायची, खत सारखं, पाणी सारखं. मी नवी होते आणि नव्या सुनेला जसं सगळ्यात जड भांडं घासायला देतात तसा तो ब्लॉक माझ्या गळ्यात पडला.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक काम करतात. सगळ्या शेतात एकच बी, एकाच दिवशी, एकाच खोलीवर पेरायचं. खत नाही, औषध नाही, कसलाही भेदभाव नाही. मग पिकानंच सांगायचं की कुठं माती देते आणि कुठं हात आखडते. कापणीच्या वेळी शेताचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाचं धान्य वेगळं तोलायचं. इंग्रजीतलं नाव मोठं आहे, आमच्या बाया त्याला 'सारखा पेरा' म्हणायच्या. आपण गप्प बसायचं आणि जमिनीला बोलू द्यायचं. मला वाटलं होतं, बोलून बोलून काय बोलेल, इथं मुरूम आहे, तिथं चुनखडी आहे.

पहिलं बोलल्या त्या बाया. चंद्रभागाबाई आमच्या बायांच्या टोळीची मुकादम, तोंडानं तिखट, कामाला वाघीण. खुरपणी चालली असताना मी बघितलं, रांगेनं सरकणाऱ्या बाया एका जागी आल्या की एकेक करून पदर डोक्यावर घ्यायच्या. चार पावलं गेल्या की पदर पुन्हा खांद्यावर. ऊन नव्हतं, कुणी पुरुष माणूस जवळ नव्हता.

"चंद्रभागाबाई, हे काय करायलाव तुमी?"

"काय करायलाव म्हंजे?"

"तिथं आलं की पदर घेताव."

त्यांनी मागं वळून बघितलं. स्वतःच्या डोक्यावरचा पदर चाचपला. खरंच त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "माझी सासू बी घ्यायची. ईचारू नका बाई, आमाला बी ठाव न्हाई." आणि इतका वेळ चाललेलं त्यांचं बोलणं, चेष्टा, एकमेकींच्या नवऱ्यांचा उद्धार, सगळं थांबलं. उरलेली खुरपणी बायांनी मुक्यानं केली.

त्याच हिवाळ्यात आबा माझ्याकडे राहायला आले होते. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई गेली आणि रिकामं घर त्यांना खायला उठलं, म्हणून मी त्यांना कॉलेजच्या क्वार्टरमध्ये आणलं. माणूस शांत, पण दोन गोष्टी चमत्कारिक. एक, कुणीही हाक मारली की पहिल्याच हाकेला 'ओ' द्यायचे, झोपेत असले तरी. आम्ही भावंडं लहानपणी गंमत म्हणून कुजबुजत हाक मारायचो आणि ते घोरता घोरता 'ओ' म्हणायचे. दुसरी, त्यांना गाव नव्हतं. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की नावाच्या आधी गाव विचारतात. आबा आजोळचं नाव सांगून मोकळे व्हायचे. खोदून विचारलं तर म्हणायचे, "उठलं गाव. नाव घेत नसतेत त्याचं." क्वार्टरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकताना ते शेताकडे पाठ करून बसायचे. मी म्हणायची, आबा, इकडं बसा, हिरवं बघा जरा. ते म्हणायचे, मला भिंतच बरी.

निसवण सुरू झाली आणि राखणीची बाई सांगत आली की पाखरं सगळ्या शेतात बसायलीत, मधल्या भागात एक बी बसंना. मी चिडले. पाखरं बसत नाहीत ही काय तक्रार झाली? तरी बघावं म्हणून शेताच्या कडेच्या पाण्याच्या टाकीवर चढले. सकाळची वेळ, धुकं नुकतं वर गेलेलं. खाली बघितलं आणि शिडीचा गज हातात घट्ट धरला.

ज्वारीत गाव उभं होतं. जिथं जमिनीखाली भिंतींचे पाये होते तिथं ज्वारी आखूड आणि पिवळी पडली होती, सरळ रेघांत, काटकोनात वळत. खोल्या दिसत होत्या. दोन घरांच्या मधली बोळ दिसत होती, बोळ पुढं रुंद होऊन चौकाला मिळत होती. चौकात एक गोल फिकट ठिपका, त्याच्या समोर बाया पदर घ्यायच्या ती जागा. एका कोपऱ्यात ज्वारी काळपट हिरवी, पुरुषभर उंच, माजलेली. तो गावाचा उकिरडा होता. आमच्या थोर वाणाचं सगळं कर्तृत्व त्या उकिरड्याचं होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी वर एकटीच हसले. हसू माझं मलाच बरं वाटलं नाही. खाली कुठंही वारा नव्हता, आणि त्या बोळीतली दोन ओळींतली ज्वारीची ताटं मात्र एकामागून एक हलत होती, कुणी चालत असल्यासारखी.

कोल्हा असेल, म्हटलं. कोल्हाच असणार. मी विज्ञानाची बाई.

आबांना मी दाखवायला नेलं ते केवळ कौतुकानं, आपली लेक काय शोधते ते बघा म्हणून. ते कसेबसे शिडी चढले. वर उभे राहिले. मग बोट न उचलता, हनुवटीनं दाखवत म्हणाले, "तो मारुतीचा पार. तिथून खाली उकिरडा. पाराच्या डाव्या अंगाला बोळ. बोळीत दुसरं घर आमचं."

त्यांनी उरलेलं टाकीवरच सांगितलं, शिडीकडे पाठ करून. ते पाच-सहा वर्षांचे असताना गावात पटकीची साथ आली. वडील आधीच गेले होते. मग मायनं अंथरूण धरलं. उरलेल्यांनी एका दिवशी दुपारी गाव सोडायचं ठरवलं, आजाऱ्यांना ठेवून. मागं वळून बघायचं नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, असं सगळ्यांनी पारासमोर ठरवलं. आबांचं बोट त्यांच्या आजीच्या हातात होतं. त्यांना बोळीच्या तोंडाशी उभं करून आजी परत दाराशी गेली. आतबाहेर काहीतरी बोलणं झालं. मग कडी वाजली. आजी आली, त्यांचं बोट धरलं, चालू लागली. ते पारापर्यंत पोचले तेव्हा मागून मायची हाक आली.

"एकच हाक, शकू. आजीनं तोंडावर हात ठिवला माझ्या. म्हणाली, तीन हाका येऊ दे, तवर ओ देऊ नको, ती ती नसंल. दुसरी आली न्हाई."

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. भूत तीनदा हाक मारत नाही म्हणतात.

"आजीनं कोंडली तिला," आबा म्हणाले. "जित्या मायला कडी लावून आली म्हातारी. मी कडी ऐकली हाय."

मग मला आठवलं की आमच्या घरात आबांच्या आजीचं नाव कधी निघालं नव्हतं. त्यांना वाढवलं तिनंच. दुसऱ्याच्या शेतात राबून शिकवलं. आणि कळता झाल्यापासून नातू तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ती वाढायची, हा जेवायचा. ती गेली तेव्हा हा शाळेतून सुट्टी न काढता मुलांना पाढे शिकवत बसला. पितृपंधरवड्यात आबा सगळ्यांची पानं वाढायला लावायचे, आजीचं कधीच नाही. मला वाटायचं, विसरतात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते ज्वारीत शिरले. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. "तू वर जा आणि मला वाट सांग," म्हणाले. मी टाकीवर गेले, पण वाट सांगायची वेळच आली नाही. वरून मला त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. ज्वारी डोक्याच्या वर, आत शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसू नये. पण टोपी पारापाशी थांबली, खाली वाकली, डावीकडे वळली, बोळीतून सरळ गेली. दुसऱ्या घराशी पुन्हा वाकली, कमी उंचीच्या दारातून आत जाताना माणूस वाकतो तशी. आणि दिसेनाशी झाली. बसले असतील, म्हटलं. पाखरं गप्प होती. लांब गंगेच्या बाजूला कुणाचं तरी इंजिन पाणी उपसत होतं, तेही बंद पडलं.

मग खालून आबांचा आवाज आला, लहान मुलाचा येतो तसा, लांबवलेला. "ओ..." थोड्या वेळानं, "आलो."

मी हाक मारली नव्हती. कुणीच मारली नव्हती.

मी शिडीवरून कशी उतरले मला माहीत नाही. ते शेतातून चालत बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त टोपी हातात होती. म्हणाले, "भूक लागली." दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याची भाजी मागून घेतली. आत काय झालं ते मी त्यांना विचारलं नाही. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू?

त्यानंतर त्यांनी एकच धोसरा लावला. कापणीनंतर आम्हाला माती तपासायला माणूसभर खोल खड्डा घ्यायचाच होता, थर बघण्यासाठी. "शकू, तो खड्डा आमच्या दारात घे." मी म्हटलं, आबा, काय बघायचंय तुम्हाला? तर म्हणाले, "उंबरा सापडंल. कडी सापडंल. लोखंड कुठं जातंय? मला बघायचंय, लावली होती का न्हाई." मी म्हटलं, लावलेली निघाली तर? "तर मी खरा होतो." आणि नसली तर? ह्यावर ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. पन्नास-साठ वर्षं एका म्हातारीवरचा राग जपून ठेवायचा आणि वर त्याचा पुरावा मागायचा! पण बाप होता. शिवाय खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

परवा फोटो आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं कॉलेजला जाऊन आले. वैशालीनं फोनवर सगळं सांगितलं नव्हतं. त्या ब्लॉकात शेततळं खणायचं ठरलंय, जेसीबी सांगून ठेवलाय, चुन्याची फक्की मारून चौकोन आखून झालाय. पीक कापलं की काम सुरू. मातीचं काय ते एकदा बघून मॅडमनी हो म्हणावं, एवढंच हवं होतं. फक्कीची रेघ बोळीवरून जात होती. ज्वारी निसवली होती, बाया राखणीला होत्या, सगळ्या नव्या, मी कुणाला ओळखलं नाही. त्यांच्यातली एक त्या गोल ठिपक्यापुढून गेली आणि जाताना तिनं ओढणी डोक्यावर ओढली. वैशाली माझ्याशी बोलत होती, तिनं बघितलं नाही.

मी तिला म्हटलं, तळं पलीकडच्या काळ्या रानात घ्या. इथं खाली पांढरी आहे, जुन्या वस्तीची माती, पाणी थांबणार नाही, सगळं झिरपून जाईल. हे शंभर टक्के खरं आहे, कुठल्याही परीक्षेत गुण मिळतील. ती म्हणाली, "प्लास्टिकचा कागद अंथरता येतो की मॅडम." आजकालच्या पोरी हुशार असतात, हा एक तापच आहे. मी म्हटलं, "येतो. तरी घेऊ नका." मी इतक्या वर्षांत तिच्याशी अशा आवाजात बोलले नव्हते. तिनं विचारलं, "एवढंच कारण आहे का?" मी हो म्हटलं. तिनं लगेच जेसीबीवाल्याला फोन लावला आणि मी परत फिरताना पोरं नव्या जागी फक्की मारत होती.

तिला सांगितलं नाही ते हे.

त्या हिवाळ्यात कापणी झाली, चौकोन तोलून झाले, कापलेल्या ज्वारीची सड तेवढी उभी होती. दोन गडी खड्डा खणायला लागले. आबा काठावर उकिडवे बसले होते, चंद्रभागाबाई त्यांच्या मागं उभ्या होत्या, कुणी न सांगता पदर घेऊन. वरची काळी माती गेली, मग पांढरी लागली, राखेसारखी मऊ. तिच्यात खापरांचे तुकडे, एक जात्याची पाळ. मग दगड लागला आणि गडी म्हणाला, "उंबराय." त्यानं हातानं माती सारली. दार आत पडलेलं होतं आणि त्याच्यावर भिंत बसली होती. लाकूड वाळवीनं खाल्लेलं, नुसता त्याचा तपकिरी आकार मातीत उरला होता. लोखंड मात्र जागच्या जागी होतं.

मी खाली उतरले. ते माझंच काम होतं. बाहेरच्या अंगाची कडी आधी सापडली, उंबऱ्याशी, सुटी. तिच्या कोयंड्यात काही नव्हतं. आबांना वरून दिसत होतं. त्यांनी विचारलं, "लावलीय का?"

"न्हाई आबा. मोकळी हाय."

मग मी आतल्या अंगाची माती ब्रशनं झाडली. तिथं दुसरी कडी होती, जाड, बोटभर. ती तिच्या कोयंड्यात घातलेली होती आणि वरून खिटी मारलेली होती. गंजून तिन्ही एकजीव झाली होती. दार आतून लावलेलं होतं.

आबा स्वतःच खाली उतरले, उंबऱ्यावर पाय न ठेवता. कडीवर हात ठेवला. एका गड्यानं विचारलं, मास्तर, काढू का, पुढं बघू का आत काय हाय? आबा म्हणाले, "न्हाई. तिनं लावलीय ती. पोरगं माघारी येऊ नये म्हणून लावलीय." मग ते तिथंच खड्ड्यात खाली बसले. चंद्रभागाबाई काठावरून पाणी पुढं करत होत्या, ते त्यांना दिसत नव्हतं.

"म्हातारीला ठाव होतं," ते म्हणाले. "ती दाराशीच उभी होती. मला इतकं सांगितलं असतं तर मी बोललो असतो तिच्याशी." आणि मग, "मायनं मला भाईर ठिवलं म्हणून मी रडत बसू नये, म्हणून न्हाई सांगितलं, शकू. माझा अबोला सोसला म्हातारीनं जलमभर."

आम्ही खड्डा त्याच दिवशी बुजवला.